आई मशेरी सोडत नाही, वर म्हणते कॅन्सर टेन्शनने होतो. काय करू?

वेळणेश्वरकर:
नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांबली आहे, सांभाळून घ्या. आमचं गाव गुहागर तालुक्यात, मी नोकरीला ठाण्यात, बाबा गेल्यापासून घरी आई एकटीच. वय ६२. मशेरी तिला लग्नाच्या आधीपासून, पण बाबा होते तेव्हा सकाळ-संध्याकाळ एवढंच असायचं, आता दिवसभर चालू असते, दुपारी फोन केला तरी आवाजावरून कळतं की तोंडात आहे. मध्ये दाढ दुखते म्हणून चिपळूणला नेलं तर डॉक्टरांनी गालाच्या आत पांढरा चट्टा दाखवला. म्हणाले मशेरी पूर्ण बंद करा, काही आठवड्यांनी परत दाखवा, तसाच राहिला तर तुकडा काढून तपासू.

घरी आल्यावर आईने जाहीर केलं की सुरी लावली की पसरतो, मी काही करून घेणार नाही. आणि मशेरीचं काढलं की एकच उत्तर, "तुझ्या आत्येने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, तिला झालाच ना? टेन्शनने झाला. तू मला टेन्शन देऊ नको, मग मला काय होत नाही." याच्यावर काय बोलणार सांगा!

पुडीवरचे फोटो दाखवले, व्हिडिओ दाखवले, चिडलो, बहिणीने आठवडाभर अबोला धरला. आता फरक एवढाच की लपवून लावते. डबी तांदळाच्या पिंपात मिळाली.

तर दोन प्रश्न. टेन्शनने खरंच कॅन्सर होतो का? आणि या वयात मशेरी सुटते का, कोणाच्या घरी सुटली असेल तर कशी?

सडेतोड:
आमची आजी नव्वदीपर्यंत मशेरी लावत होती, दात पण शाबूत होते. आयुष्यभर राबलेल्या बाईला एवढं एक सुख आहे तर तेवढं पण काढून घ्यायचं का. राहूदे की.

चिपळूणची_दातवाली:
सडेतोड, तुमच्या आजीबद्दल आनंद आहे, पण ज्यांच्या आज्या पन्नाशीत गेल्या ते इथे येऊन लिहीत नाहीत हो. मशेरी लावणाऱ्या प्रत्येकीला होतो असं कोणीच म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेची जी कॅन्सर संशोधन संस्था आहे तिने न जळणारा तंबाखू पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेलं. मशेरीत तर तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजतात, म्हणजे तंबाखूतली नायट्रोसमाइन्स नावाची कॅन्सर करणारी रसायनं असतातच, वर भाजल्याने तयार होणारी जळकी रसायनं येतात ती वेगळी. आणि घरात भाजताना धूर सगळ्यांच्या नाकात.

वेळणेश्वरकर, तुमच्या कामाचं आधी सांगते. पुसून न निघणारा पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे. पण तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, सगळे जात नाहीत, काही जातात, आणि नुसतं बघून कुठला जाईल ते छातीठोक कोणी सांगू शकत नाही, म्हणून तुकडा काढायचा. तंबाखू बंद केल्यावर यातले बरेच चट्टे फिके पडतात, कधीकधी जातात. म्हणूनच डॉक्टरांनी आधी मशेरी बंद करून परत बोलावलंय. तारीख मात्र चुकवू नका. चट्टा लाल झाला, त्यात गाठ लागली, किंवा दोन आठवडे जखम भरली नाही तर तारखेची पण वाट बघू नका. तोंड किती उघडतं ते घरी बघता येतं, तिची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा.

सुरी लावली की पसरतो हे मी रोज ऐकते. लोकांचा हा समज कुठून आला ते पण मला कळतं, कारण आपल्याकडे माणूस पोचतोच इतक्या उशिरा की ऑपरेशननंतर काही महिन्यांत जातो, मग गाव म्हणतं सुरी लागली म्हणून गेला. खरं तर उशीर झाला म्हणून गेलेला असतो. आणि उशीर का होतो, तर भीतीने. तोंडात काहीतरी आहे हे माणसाला आधीच कळलेलं असतं, पण दाखवलं तर नाव मिळेल, म्हणून दाखवत नाही. शिकलेले पण हेच करतात, नाव नाही घेत, आमच्याच ओळखीतला एक मास्तर गालाला रुमाल लावून हिंडत होता.

केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला होता, २००५ साली निकाल छापून आले. आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं बॅटरीच्या उजेडात तोंड बघितलं. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही काही नाही, फक्त वेळेवर बघणं.

पुस्तकी_किडा:
टेन्शनच्या प्रश्नावर मी लिहितो, विषय आवडीचा आहे त्यामुळे लांबेल.

थोडक्यात उत्तर, टेन्शन सरळ शरीरात जाऊन कॅन्सर करतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या १२ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला, सुमारे १ लाख १६ हजार माणसं, कामाचा ताण असलेली आणि नसलेली. एकूण कॅन्सरमध्ये फरक दिसला नाही. "मनात कुढणाऱ्या माणसाला कॅन्सर होतो" असंही लोक म्हणतात, तेही फिनलंड-स्वीडनच्या साठेक हजार लोकांवर तपासून झालं, २०१० साली, स्वभावाचा संबंध लागला नाही. त्यामुळे तुमच्या आत्येला टेन्शनने झाला असं कोणी म्हणू नये, त्यात बिचारीवरच दोष जातो, की तू कुढलीस म्हणून तुला झाला.

पण टेन्शनचा काहीच संबंध नाही असंही नाही. फक्त वाट वेगळी आहे. टेन्शन, एकटेपणा, पैशाची ओढाताण यामुळे माणूस काय *करतो* ते बघा. तंबाखू वाढतो, दारू वाढते, जेवणाचं भान राहत नाही, दुखणं अंगावर काढलं जातं, तपासणी पुढे ढकलली जाते. कॅन्सर त्या रस्त्याने येतो. तुमच्याच पोस्टमध्ये आहे बघा, बाबा गेले आणि दोनदाची मशेरी दिवसभराची झाली.

आता गंमत. "रोग धुरामुळे नाही, ताणामुळे होतो" ही कल्पना वाढवण्यात सिगारेट कंपन्यांचा मोठा हात आहे. हान्स सेल्ये म्हणून शास्त्रज्ञ होता, आज आपण 'स्ट्रेस' शब्द ज्या अर्थाने वापरतो तो त्याच्यामुळे, १९३६ साली त्याने पहिला पेपर लिहिला. या माणसाला तंबाखू कंपन्यांकडून पैसे मिळत होते हे कंपन्यांचीच कागदपत्रं कोर्टकचेऱ्यांमुळे बाहेर आली तेव्हा कळलं. १९६९ साली कॅनडाच्या संसदेच्या समितीपुढे तो ताण हलका करायला धूम्रपानाचा उपयोग होतो अशा अर्थाचं बोलून आला. दुसरा हान्स आयझेंक, लंडनचा नावाजलेला मानसशास्त्रज्ञ, स्वभावावरून कॅन्सर ठरतो म्हणणारा, त्यालाही तिकडून पैसा. त्याच्या त्या पेपरांची किंग्ज कॉलेजने चौकशी केली आणि २०१९ मध्ये सांगितलं की ते विश्वास ठेवण्यालायक नाहीत. म्हणजे गुहागरच्या पडवीत बसून काकू जे बोलतायत त्याला कुठेतरी लांब कंपन्यांनी पैसे मोजलेत. काकूंना हे सांगितलंत तर उपयोग होईल असं नाही, मला आपलं सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आणखी एक. मशेरी लावली की शांत वाटतं हे खोटं नाही, पण सकाळी उठल्यावर जी चिडचिड असते ती बरीचशी रात्रभर निकोटिन न मिळाल्याची असते. मशेरी ती चिडचिड काढते आणि पुढची पेरून ठेवते. २०१४ साली धूम्रपान सोडलेल्यांचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर सोडल्यावर काही आठवड्यांनी चिंता आणि उदासी *कमी* झालेली दिसली. अभ्यास विडी-सिगारेटवाल्यांचे होते, पण निकोटिन तेच.

वेळणेश्वरकर:
किडाभाऊ, सेल्येचं वाचून बहिणीला फोन करून सांगितलं. दातवाली ताई, बोटं बघितली, दोन जातात, तिसरं अडतं. हे वाईट आहे का? आई सुपारी पण खाते, ते लिहायचं राहिलं.

चिपळूणची_दातवाली:
मग भेट पुढे ढकलू नका, आधीच न्या. सुपारीने गालाच्या आतली कातडी आखडत जाते, तिखट लागलं की आग होते, तोंड हळूहळू कमी उघडतं. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, तीसुद्धा कॅन्सर करते असं त्याच कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलंय. आपल्याकडे बागेतली, घरची, देवाला ठेवतो ती, म्हणून कोणाला वाईट वाटतच नाही. आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होणं कठीण असतं पण थांबवता येतं. ती आग होते का विचारा फोनवर.

आशाताई_राजापूर:
मी आशा म्हणून काम करते म्हणून बोलते, डॉक्टर नाही. आमच्याकडे तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो, त्यात तंबाखूचं विचारतात. तुम्ही बाईला विचारा तंबाखू खाता का, ती म्हणेल छे. मशेरी लावता का, हो लावते की! तिच्या हिशोबी ते दात घासणं आहे. आणि मुलगा किंवा सून शेजारी उभी असेल तर ते पण नाही म्हणेल. म्हणून मी आधी सुनेला चहा टाकायला पाठवते मग विचारते.

दादा, फोटो दाखवून काय होत नाही. मी पण दाखवायची, बायका पुडी उलटी ठेवतात. एवढी ८५ टक्के जागा त्या फोटोला दिलीय सरकारने, पण डबीत ओतलं की फोटो गेला चुलीत. आणि मशेरीची तर घरीच भाजून डबी भरतात.

मी आता बायकांना वेगळं विचारते. कधी कधी लावता, आणि त्या वेळेला नाही लावली तर काय होतं. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एकीला सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. एक शेतावर जाताना लावते, भूक लागत नाही, दुपारपर्यंत खेचता येतं. एकीची दाढ दुखते आणि दवाखान्याला गाडीभाडं नाही. एकीने तर सांगितलं, बाई, माझ्याशी दिवसभर बोलायला कोण आहे? आणि बऱ्याच जणी सकाळी ओट्यावर एकत्र बसून लावतात, तेवढ्याच गप्पा, मग दिवसभर काम. तुम्ही मशेरी सोड म्हणता तेव्हा त्या बाईला ऐकू येतं की ओट्यावर येऊ नको.

म्हणून प्रत्येकीचं औषध वेगळं पडतं. जिचं पोट साफ होत नाही तिला गरम पाणी, भाजी-पाला, नाहीतर डॉक्टरकडून साधं औषध. जिची दाढ दुखते तिची दाढ काढा, अर्धी मशेरी तिथेच सुटते. जी भुकेसाठी लावते तिला लवकर न्याहारी. एकटेपणाचं मात्र माझ्या पिशवीत औषध नाय.

आमच्या वाडीतल्या एका मावशीची सुटली, वय सत्तरच्या पुढे, तेव्हा वयाचं कारण देऊ नका. तिने आधी दुपारची बंद केली, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी. बोटाला सवय असते म्हणून साध्या दंतमंजनाने घासायची. तोंडात बडीशेप, लवंग. सुपारी नाही हां, मशेरी सोडायला सुपारी धरणाऱ्या मी पुष्कळ बघितल्या. पहिला आठवडा लय वाईट गेला, डोकं दुखणं, सुनेवर खेकसणं. सुनेला मी आधीच सांगून ठेवलं होतं की आठ दिवस काय पण बोलली तरी उत्तर देऊ नको, ती नाय बोलत, तंबाखू बोलतोय.

तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड, तिन्ही तपासण्या सरकारी दवाखान्यात, आरोग्य मंदिरात, फुकट असतात. बीपी-शुगरला रांग लागते आणि खालची तपासणी म्हटली की कोणाची म्हैस व्यायलेली असते, कोणाकडे पाहुणे. लाज. मुंबईत टाटावाल्यांनी १९९८ पासून झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला, त्यात निम्म्या बायकांची नुसतं व्हिनेगर लावून तपासणी, ती पण थोडं शिकलेल्या बायकांकडूनच, आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ट्रेनिंगला सांगितलं होतं आम्हाला ते माझ्या डोक्यात बसलंय. आईंना तपासायला नेताना एकट्या नेऊ नका, शेजारीण सोबत द्या. दोघी गेल्या की तिसरी येते.

देवगडचो_झील:
मालवणीत लिवलंय तर अर्ध्यांका कळाचा नाय म्हणून सरळ लिहितो. आशाताईंनी बायकांचं सांगितलं, मी बोटीवरचं सांगतो. ट्रॉलरवर खलाशी होतो, पुढे तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. रात्री जाळं मारलं की ते ओढायची वेळ येईपर्यंत जागं राहायचं, समुद्र हलतोय, डोळे मिटतायत, थंडी. नवीन पोरगा आला की पहिल्याच रात्री कोणतरी डबी पुढे करतो, "घे रे, एक चिमूट घे, झोप जातली." त्याने नाही म्हटलं तर, "काय रे, आमच्यात बसाक लाज वाटता?" झालं. सतरा-अठराचं पोर, घरापासून लांब, काही तर नेपाळ-कर्नाटकातून आलेले, भाषा येत नाही, पण डबी फिरवायला भाषा लागत नाही. तिथून बार भरायला शिकतो तो जन्मभर. हा कॅन्सर वगैरे सगळ्यांना माहीत आहे हो. बोटीवर माहिती नसते म्हणून कोणी खात नाही.

आणि कॅन्सर व्हायला वीस वर्षं, वादळ यायला एक रात्र. ज्याला उद्या परत किनाऱ्याला लागू का याची खात्री नाही त्याला तुम्ही साठाव्या वर्षीचं काय सांगता. वर किनाऱ्याला लागलं की हिशोब मिळतो आणि त्यातला काही दारूत जातो. तंबाखू आणि दारू दोन्ही असेल तर धोका बेरजेत नाही, गुणाकारात जातो असं मला डॉक्टरने सांगितलं होतं.

मी सोडला तो बंदीत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, बोट वर काढलेली, रात्रीची जाग नाही, ते लोक आजूबाजूला नाहीत. तेव्हा सोडणं सोपं गेलं. कठीण काय, तर नारळी पौर्णिमा झाल्यावर परत बोटीवर चढणं. मी तांडेल होतो म्हणून जमलं, मी सांगितलं माझ्या बोटीवर रात्री चहाचा थर्मास आणि शेंगदाणे, डबी नाही. काहींनी शिव्या घातल्या, एक सोडून गेला. पण खलाश्याने एकट्याने ठरवलं असतं तर चार दिवस टिकला नसता, खरं सांगतो.

आमच्याकडे काही लोक गावदेवीला गाऱ्हाणं घालून सोडतात, ते पण चालतं, कारण मग सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी डबी पुढे करत नाही. माळकऱ्यांची मात्र मला गंमत वाटते, बांगडा सोडतील, दारू सोडतील, तंबाखूचं काही नाही.

सडेतोड:
आता माझं पण ऐका. वरचं सगळं वाचून माझंच म्हणणं खरं ठरतंय. बाई एकटी, मुलगा ठाण्यात, मुलगी सासरी, नवरा गेला, वाडीतली निम्मी घरं कुलपात, गणपतीला दहा दिवस गजबज आणि मग परत शुकशुकाट. आणि तुम्ही तिला म्हणता तुझी सवय वाईट. सवय तिची, पण कारण कोणाचं? चाकरमान्यांनी कोकण रिकामं केलं, आता फोनवरून मशेरी सोडवतायत. शिवाय २०१२ ला गुटखाबंदी आली म्हणे, मला कुठली टपरी दाखवा जिथे काहीच मिळत नाही. शाळेपासून १०० यार्डात विकायचा नाही असा कायदा २००३ चा. सगळं माणसाच्या मनावर ढकलायचं आणि पुडी पाच-दहा रुपयाला विकायला ठेवायची.

पुस्तकी_किडा:
सडेतोड, पहिल्यांदा तुमच्याशी सहमत आहे, पण अर्धाच. कायदे कागदावर असूनही आकडा हललाय. महाराष्ट्रात २००९-१० च्या पाहणीत ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, २०१६-१७ ला २६.६. त्यातले बहुतेक आपल्याकडे न जळणाऱ्या तंबाखूवाले, २४.४ टक्के, धूर काढणारे ३.८ च, काही जण दोन्ही करतात. आणि शिक्षण-पैसा जितका कमी तितका तंबाखू जास्त, हे देशभर दिसतं. म्हणजे परिस्थितीचा हात आहे हे तुमचं बरोबर. पण परिस्थिती सुधारेपर्यंत काकूंच्या गालातला चट्टा थांबणार आहे का?

सडेतोड:
चट्टा दाखवू नका असं मी कुठे म्हटलं. दाखवा. फक्त आठवडाभर सुट्टी काढून गावाला जाऊन दाखवा, शेजाऱ्याच्या रिक्षातून पाठवून नको.

वेळणेश्वरकर:
लागलं जरा, पण ठीक आहे. सुट्टी टाकलीये, बहीण पण येतेय. आशाताई, तुम्ही सांगितलं तसं काल फोनवर फक्त विचारलं, कधी कधी लावतेस गं. आधी म्हणाली कशाला पाहिजे तुला, मग बोलत सुटली. दुपारी जेवल्यावर ताट एकटीचं धुऊन झालं की लावते, मग चारला, मग सिरियल संपल्यावर. सकाळची तिला तेवढी लागत नाही म्हणे! मी उलट सकाळचीच धरून बसलो होतो. तिखटाने आग होते का विचारलं तर गप्प झाली, म्हणजे होत असणार. शेजारच्या काकी यायला तयार आहेत, त्यांची पण मशेरी आहे.

एक विचारायचं राहिलं, ते निकोटिनचं च्युइंगम मेडिकलला मिळतं ते देऊ का? आईला खालची कवळी आहे.

चिपळूणची_दातवाली:
कवळीला ते गम चिकटतं, आणि तोंड आधीच नीट उघडत नाहीये, चघळायला लावू नका. दंडाला लावायची निकोटिनची पट्टी मिळते, पण ती डॉक्टरांना विचारूनच, बीपी-हृदयाचं काही असेल तर ते आधी सांगा. आणि १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे तंबाखू सोडण्यासाठी, फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही लावून द्या पण बोलू आईंना द्या, आणि तुम्ही खोलीबाहेर जा. कागदपत्रात रेशनकार्ड आणि आधार घेऊन या, पुढे काही निघालंच तर महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, तेव्हा धावपळ नको. काकींना पण त्याच दिवशी आणा, त्यांचं पण तोंड बघू.